सातपुड्याची थंडी आणि शाळेचें रानशिबिर

खानदेश म्हटला कीं महाराष्ट्राच्या इतर भागांतील माणसाच्या डोळ्यांपुढें उन्हाळा उभा राहतो. धुळें, जळगांव, भुसावळ हीं नांवें वर्तमानपत्रांत यावयाचीं तीं बहुधा मे महिन्यांत, आणि तींहि पारा किती चढला हें सांगण्याकरितां. परंतु याच प्रदेशाचें दुसरें रूप डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत पाहावयास मिळतें. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस धुळ्यांतील कृषि महाविद्यालयाच्या आवारांत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खालीं उतरला होता. सातपुड्याच्या अंगाखांद्यावर, अक्कलकुवा तालुक्यांतील डाब गांवाच्या परिसरांत, कडाक्याच्या थंडीच्या पहाटे गवतावरचें दंव गोठून पांढरें झालेलें गांवकऱ्यांनीं अनेकदां पाहिलें आहे. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पाखरें सावलीला धडपडतात, त्याच जिल्ह्यांत हिवाळ्यांत गुरें उन्हाला येऊन उभीं राहतात.

आणि नेमके हेच दोन महिने शाळांच्या शिबिरांचे होत. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, वाटा कोरड्या असतात, ओढ्यांना अद्याप पाणी असतें व आकाश निरभ्र असतें. धुळ्यापासून सुमारें दहा किलोमीटरांवरील लळिंगच्या किल्ल्याखालचें रान, शिरपूर तालुक्यांतील अनेर धरणाभोंवतालचा वनप्रदेश, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ, हीं सारीं ठिकाणें शहरांतल्या मुलांना खुणावणारीं आहेत. तेरा ते सोळा वर्षांचीं मुलें पाठीला पिशवी लावून निघतात, आणि घरीं आईबापांच्या मनांत दोन प्रश्न घोळत राहतात. मुलाला उघड्या रानांत थंडींत पाठवावें कीं नाहीं, हा पहिला. आणि पाठविलें तर तेथें तो नेमकें काय शिकून येणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून आधीं दुसऱ्याचाच विचार करणें योग्य होईल.

ही थंडी येते कोठून, हें मुलांना प्रथम समजलें पाहिजे. मुंबईची हवा दमट असते. दमट हवा व ढग रात्रीं जमिनीची उष्णता पांघरुणासारखी धरून ठेवतात. धुळें सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यांत येथील हवा कोरडी व आकाश स्वच्छ असतें. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळतांच आपली उष्णता आकाशांत सोडूं लागते आणि तिला अडविणारें असें वर कांहींच नसतें. त्यामुळें दुपारीं २८ किंवा ३० अंशांवर असलेला पारा पहाटे १० च्याहि खालीं येतो. त्यांत भर पडते ती उत्तरेच्या वाऱ्याची. पश्चिमेकडून येणारीं वादळें हिमालयावर बर्फ पाडून पुढें सरकलीं म्हणजे त्यांच्या पाठोपाठ उत्तर भारतांतील थंड व कोरडी हवा दक्षिणेकडे उतरते, आणि तापीच्या खोऱ्यांत ती सहज येऊन पोंचते. म्हणजे खानदेशांतील थंडीचा खरा धोका तिच्या आंकड्यांत नसून तिच्या वेगांत आहे. काश्मीरांत जाणारा मनुष्य थंडीची तयारी करूनच जातो. तोरणमाळावर जाणारा मुलगा दुपारीं सदरा काढून हिंडतो आणि दहा-बारा तासांनीं त्याच जागीं दांत वाजवीत बसतो.

डोंगरांत आणखी एक चमत्कार घडतो. थंड हवा जड असते. शांत रात्रीं ती उतारावरून पाण्यासारखी खालीं वाहत जाते आणि दरीच्या तळाशीं सांचून राहते. म्हणून नाल्याकांठचा सपाट, वाळूचा तुकडा तंबू ठोकावयाला कितीहि सोईचा वाटला, तरी पहाटे सर्वांत गार जागा तीच असते. शिवाय तेथें दंव अधिक पडतें आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटहि बहुधा तेथूनच जाते. उलट डोंगराचा माथा घ्यावा तर तेथें वाऱ्याला आडोसा नसतो. शहाणा शिबिरप्रमुख या दोहोंच्या मधला उतार पाहतो. टेकडीनें उत्तरेचा वारा अडविलेला असावा, पूर्व दिशा मोकळी असावी म्हणजे पहांटेचें पहिलें ऊन अंगावर येईल, आणि डोक्यावर वठलेलें झाड किंवा सुटलेला दगड नसावा. जागा निवडण्याचें हें काम शिक्षकानें एकट्यानें उरकून न टाकतां मुलांकडून करवून घ्यावें. दुपारीं त्यांनीं तीन जागा पाहाव्या, प्रत्येकीचे गुणदोष सांगावे, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्या तिन्हीं जागीं तापमापक नेऊन स्वतःच पडताळा घ्यावा. भूगोलाच्या पुस्तकांतील एक पान असें कायमचें पाठ होतें.

आतां शरीराकडे वळूं. मनुष्याचें शरीर ही एक सतत धगधगणारी शेगडी आहे. अन्न हें तिचें सर्पण आणि सुमारें ३७ अंश हें तिचें नेहमींचें तापमान. ही उष्णता चार वाटांनीं बाहेर पडते. उघड्या अंगांतून ती किरणरूपानें आकाशाकडे जाते. थंड जमिनीला किंवा दगडाला अंग टेकलें म्हणजे ती तिकडे वाहते. वारा अंगाभोंवतीं तापलेली हवा हिरावून नेतो व तिच्या जागीं थंड हवा आणून ठेवतो. आणि अंगावरचा घाम किंवा पाणी सुकतांना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें. मातीच्या माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच हें कारण. थंडींत जगण्याची सारी विद्या म्हणजे या चार वाटा बंद करण्याची विद्या होय. मुलांना वस्तूंची लांबलचक यादी पाठ करावयास लावण्यापेक्षां या चार वाटा समजावून दिल्या, तर प्रसंगीं काय करावें हें त्यांचें त्यांनाच सुचतें.

या चारांपैकीं ओलावा हा सर्वांत कपटी शत्रु आहे. पाणी हवेपेक्षां वीसपटींहून अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. खानदेश हा कापसाचा देश. येथील मुलांच्या अंगावर बहुधा सुती कपडेच असतात. कोरडें सूत चांगलें, परंतु भिजलेलें सूत पाणी धरून ठेवतें आणि अंगाला चिकटून त्याची ऊब शोषून घेतें. लोकरीचें तसें नाहीं. लोकरीच्या तंतूंमधली हवा ती ओली झाल्यावरहि बरीचशी टिकून राहते. दुपारीं चढण चढून मुलगा घामाघूम होतो, सदरा पाठीला चिकटतो, संध्याकाळीं तो तसाच वाऱ्यांत गप्पा मारीत बसतो, आणि रात्रीं तोच सदरा अंगांत ठेवून झोंपतो. आजाराची वाट बहुधा हीच. म्हणून शिबिराचा पहिला नियम असा कीं सूर्य मावळण्यापूर्वीं आंतला कपडा बदलावा व कोरडी बंडी अंगांत घालावी. चढतांना एक कपडा कमी करावा आणि थांबल्याबरोबर तो पुन्हां अंगावर घ्यावा. एक जाड कपडा घेण्यापेक्षां दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावे, कारण ऊब जी राहते ती त्यांच्यामध्यें अडकलेल्या हवेमुळें. डोकें, कान व मान झांकलेलीं असावीं. शेतकऱ्याचें मुंडासें हें केवळ उन्हाकरितां नाहीं, हें शहरी मुलाला अशा वेळीं उमगतें.

शेगडीची उष्णता सर्पणापेक्षां जलद बाहेर पडूं लागली म्हणजे काय होतें? प्रथम हातापायांचीं बोटें गार पडतात, कारण शरीर आपलें रक्त मेंदू, हृदय व फुप्फुसें यांच्या रक्षणाकरितां आंत ओढून घेतें. मग कांपरें भरतें. कांपरें हा रोग नव्हे. स्नायूंनीं उष्णता उत्पन्न करण्याकरितां चालविलेली ती धडपड असते. शरीराच्या अंतर्भागाचें तापमान ३५ अंशांच्या खालीं गेलें म्हणजे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें धोक्याची अवस्था सुरू होते. मुलगा अडखळूं लागतो, हातांतल्या वस्तू गळतात, बटन लावतां येत नाहीं, बोलणें जड होतें, स्वभाव चिडका किंवा उदास होतो. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं त्याला स्वतःला आपलें कांहीं बिघडलें आहे असें वाटेनासें होतें. सुमारें ३२ अंशांखालीं कांपरें थांबतें. अजाण माणसाला वाटतें, बरें झालें, थंडी गेली. वस्तुतः शेगडी विझूं लागल्याची ती खूण असते. या अवस्थेला हवेचें तापमान शून्याखालीं जाण्याची गरज नाहीं. ओले कपडे, वारा, थकवा व रिकामें पोट हीं एकत्र आलीं कीं ८ किंवा १० अंशांवरहि ती येऊं शकते. त्यांतहि मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानानें मोठा असल्यामुळें किडकिडीत मुलगा मोठ्या माणसापेक्षां लवकर गारठतो.

हें सारें पुस्तकी वाटूं नये म्हणून एक घडलेली हकीकत सांगणें अवश्य आहे. स्कॉटलंडांत केर्नगॉर्म नांवाचें पठार आहे. त्याची उंची सुमारें ११०० ते १२०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या तोरणमाळाएवढीच. मात्र तें ध्रुवाच्या पुष्कळ जवळ असल्यामुळें तेथें हिवाळ्यांत बर्फाचीं वादळें होतात. नोव्हेंबर १९७१ मध्यें एडिंबरो शहरांतील एका शाळेचीं पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें पर्वतारोहण शिकण्याकरितां तेथें गेलीं. त्यांच्या दोन तुकड्या करण्यांत आल्या. हवामान बिघडलें. अधिक अनुभवी तुकडीनें निवारा गांठला व रात्र काढली. दुसऱ्या तुकडीला तो सांपडला नाहीं, आणि तिला उघड्यावर बर्फांत दोन रात्री काढाव्या लागल्या. मदत पोंचली तेव्हां पांच विद्यार्थी व अठरा वर्षांची एक शिकाऊ साहाय्यक असे सहा जीव गेले होते. तुकडीची प्रमुख व एक मुलगा एवढींच वांचलीं. पुढें चौकशी झाली, आणि शाळेच्या मुलांना डोंगरांत नेणाऱ्या शिक्षकांची तयारी काय असावी, कोणत्या वयाच्या मुलांना कोठवर न्यावें, याचा ब्रिटनमध्यें कसून विचार झाला. उंचावर बांधलेले ते निवारेहि नंतर काढून टाकण्यांत आले, कारण त्यांच्या भरंवशावर माणसें पुढें जातात आणि वादळांत ते सांपडत नाहींत, असा अनुभव आला.

मोठ्या माणसांचीहि गोष्ट वेगळी नाहीं. जून २०२४ मध्यें, म्हणजे भर उन्हाळ्यांत, उत्तराखंडांतील सहस्रतालाच्या वाटेवर वादळांत सांपडून कर्नाटकांतून गेलेल्या गटांतील नऊ जण दगावले. खानदेशांत असें बर्फ पडत नाहीं हें खरें. परंतु या हकीकतींतला धडा बर्फापुरता नाहीं. ठरविलेला बेत पार पाडण्याच्या हट्टापेक्षां वेळेवर मागें फिरण्याचें धैर्य मोठें, आणि तुकडीचा वेग तिच्यांतल्या सर्वांत अशक्त मुलाच्या वेगाइतकाच असला पाहिजे, हा तो धडा होय. तो लळिंगच्या टेकडीलाहि लागू आहे.

येथें आपल्याकडील एका समजुतीचा विचार करणें प्राप्त आहे. शिबिर म्हणजे मुलांना कणखर बनविण्याचें साधन, असें आपण मानतों. तें एका अर्थीं बरोबरहि आहे. पण कणखरपणा म्हणजे कांपरें लपविणें, असा अर्थ मुलें करून घेतात. चौदा वर्षांच्या मुलाला वाघापेक्षां सोबत्यांच्या हंसण्याची भीति अधिक वाटते. त्याचे मोजे भिजलेले असतात, पण तो सांगत नाहीं; त्याचें पांघरूण अपुरें असतें, पण तो मागत नाहीं. म्हणून हिवाळी शिबिरांतला सर्वांत अवघड धडा शेकोटी पेटविण्याचा नसून, "मला थंडी वाजते आहे" हें वाक्य न लाजतां उच्चारण्याचा आहे. याकरितां बालवीरांच्या शिबिरांत जोडीची पद्धति असते. दोन दोन मुलांची जोडी लावून द्यावी. प्रत्येकानें दुसऱ्याचे हात, ओंठ, बोलणें व चाल पाहावी आणि संशय येतांच शिक्षकाला सांगावें. ही चहाडी नव्हे. ही सोबत होय. गारठलेल्या माणसाला स्वतःचें समजत नसतें, म्हणूनच दुसऱ्याचे डोळे लागतात.

असा मुलगा आढळला तर काय करावें? त्याला वाऱ्याआड न्यावें, ओले कपडे उतरवून कोरडे घालावे, खालीं-वर पांघरूण घालून गुंडाळावें व डोकें झांकावें. ऊब द्यावयाची ती छातीला, पाठीला व कांखांना. हातपाय चोळूं नयेत व त्याला पळावयास लावूं नये. तो शुद्धीवर असून नीट गिळूं शकत असेल तरच गरम व गोड पेय थोडें थोडें पाजावें. मद्यानें ऊब येते ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. मद्यानें कातडीकडचें रक्त वाढून आंतली उष्णता उलट लवकर बाहेर पडते. बोलणें अडखळत असेल किंवा कांपरें थांबून ग्लानि येत असेल, तर त्याला हळुवार हातानें आडवें ठेवावें व विलंब न लावतां दवाखान्याची वाट धरावी.

रात्रीच्या झोंपेची तयारी दिवसाउजेडीं करावयाची असते. मुलें पांघरुणें वर घेतात आणि अंथरूण पातळ ठेवतात. तेथेंच चूक होते. जमीन रात्रभर उष्णता ओढीत असते. तंबूखालीं वीतभर जाडीचा वाळलेल्या गवताचा, पाचोळ्याचा किंवा कडब्याचा थर पसरला, तर एका घोंगडीचें काम तीन घोंगड्यांइतकें होतें. पाचोळा पसरण्यापूर्वीं काठीनें हलवून विंचूकिड्याची खात्री करून घ्यावी, आणि सकाळीं बूट झटकल्यावांचून पायांत घालूं नयेत. झोंपण्यापूर्वीं पोटांत अन्न हवें. सर्पण नसलेली शेगडी पांघरुणानें तापत नाहीं. याबाबतींत खानदेशचें स्वयंपाकघर मोठें शहाणें आहे. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, तीळ व गूळ हें येथील हिवाळ्याचें अन्न. धान्य व गूळ यांनीं लवकर शक्ति मिळते आणि तीळ व शेंगदाणे यांतील स्नेह रात्रभर पुरतो. थंडींत तहान लागत नाहीं म्हणून मुलें पाणी पीत नाहींत; परंतु शरीराला पाणी हवेंच असतें, म्हणून उकळलेलें कोमट पाणी आठवणीनें द्यावें.

शेकोटी हा तर शिबिराचा आत्मा. पण तिचेंहि शास्त्र आहे. प्रथम मूठभर वाळलेलें गवत, त्यावर काडीएवढ्या डहाळ्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या, असा क्रम सांभाळला तर एका काडींत आग पेटते. हवेला वाट ठेवावी लागते. लांकडें दाटून भरलीं तर धूर होतो, जाळ होत नाहीं. जमिनीवर दंवानें भिजलेल्या लांकडापेक्षां झाडावरच वठलेली, मोडतांना कटकन आवाज करणारी फांदी चांगली. मात्र खानदेशांतील बहुतेक रान हें वनखात्याच्या ताब्यांत आहे, आणि १९२७ च्या वन अधिनियमानुसार राखीव वनांत मनास येईल तेव्हां व तेथें आग पेटविणें हा गुन्हा आहे. अभयारण्यांत तर निर्बंध अधिकच कडक आहेत. तेव्हां परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या जागीं, भोंवतालचें गवत काढून, शेजारीं पाण्याची बादली ठेवूनच शेकोटी करावी आणि निघतांना राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतावें. दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची. बंद तंबूंत किंवा दारें लावलेल्या खोलींत निखाऱ्यांची शेगडी कधींहि ठेवूं नये. निखाऱ्यांतून जो विषारी वायु निघतो त्याला रंग नाहीं व वास नाहीं. झोंपलेला मनुष्य जागा होत नाहीं. दर हिवाळ्यांत कोठें ना कोठें अशा रीतीनें माणसें दगावल्याची बातमी येते. हा नियम शिबिराइतकाच घरालाहि लागू आहे.

रानांत वाट चुकली तर? अशा वेळीं मुलाची पहिली प्रेरणा धांवत सुटण्याची असते, आणि तीच घातक ठरते. वाट चुकल्याचें ध्यानांत येतांच थांबावें, बसावें, वाऱ्याला आडोसा शोधावा, अंगावर असेल नसेल तें सारें पांघरावें आणि तेथेंच राहावें. शोधणाऱ्यांना बसलेला मुलगा सांपडतो. चालणारा सांपडत नाहीं. प्रत्येकाच्या गळ्यांत शिटी असावी. तीन वेळां शिटी, मग थांबणें, पुन्हां तीन वेळां, ही मदतीची हांक पुष्कळ देशांत ओळखली जाते. ओरडून घसा बसतो, शिटी मात्र दमत नाहीं. खिशांतल्या दूरध्वनियंत्रावर सारी भिस्त ठेवूं नये. दऱ्यांत त्याची हांक पोंचत नाहीं आणि थंडींत त्याची विजेची शक्ति लवकर ओसरते.

दिशा ओळखणें हें मात्र प्रत्येकाला आलें पाहिजे, आणि हिवाळ्याच्या आकाशाइतका चांगला शिक्षक नाहीं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितके त्या स्थळाचे अक्षांश असतात. धुळ्याचे अक्षांश सुमारें २१. म्हणजे ध्रुव येथें बराच खालीं दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशांत सुमारें १० अंश व्यापते, म्हणून उत्तर क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या कीं त्यांच्या माथ्याजवळ ध्रुव सांपडतो. डिसेंबरांत संध्याकाळीं सप्तर्षि दिसत नाहींत. ते मध्यरात्रीच्या सुमारास वर येतात. तोंवर शर्मिष्ठेचे पांच तारे ध्रुवाची बाजू दाखवितात. पूर्वेस मृग नक्षत्र उगवतें. त्याच्या मधल्या तीन ताऱ्यांची ओळ जवळजवळ बरोबर पूर्वेस उगवते व बरोबर पश्चिमेस मावळते. एवढें जाणणारा मुलगा अंधारांत घाबरत नाहीं. आणि न घाबरणें हीच निम्मी सुटका होय.

या विद्येचे खरे आचार्य मात्र शाळेंत भेटत नाहींत. धुळें व नंदुरबार जिल्ह्यांतील ठेलारी मेंढपाळ आपल्या मेंढरांबरोबर हिवाळ्याच्या रात्री उघड्या शेतांत काढतात. त्यांच्या खांद्यावरची घोंगडी ही अंथरूण, पांघरूण, छत्री व आडोसा या चारांचें काम करते. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा बांधवांना कोणत्या उतारावर वारा लागत नाहीं, कोणतें लांकूड धूर न करतां जळतें, पाणी कोठें मिळेल, हें बोलतां बोलतां सांगतां येतें. शहरांतल्या शाळेनें रानांत जातांना अशा एका जाणत्या माणसाला गुरु म्हणून सन्मानानें बोलवावें. मुलांना शेकोटी करतां येईलच, पण ज्यांना आपण अडाणी म्हणत आलों त्यांच्याजवळ केवढें ज्ञान आहे हेंहि त्यांना कळेल. आणि हा लाभ पहिल्यापेक्षां लहान नाहीं.

अशा शिक्षणाची कल्पना जगांत नवी नाहीं. १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं ब्राउनसी बेटावर मुलांचें पहिलें शिबिर भरविलें. १९०९ मध्यें ही चळवळ हिंदुस्थानांत आली, पण आरंभीं तिची दारें हिंदी मुलांना बंद होतीं. पुढें ॲनी बेझंटबाई, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी प्रभृतींनीं भारतीय मुलांकरितां स्वतंत्र पथकें उभारलीं, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या संस्था एकत्र होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संस्था झाली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, कुर्ट हान व लॉरेन्स होल्ट यांनीं वेल्समधील अबरडोवी येथें तरुणांची एक शाळा काढली. जहाज बुडाल्यावर लहान नावेंत तरुण खलाशी वयस्कांच्या आधीं धीर सोडतात, कारण त्यांच्याजवळ बळ असलें तरी संकटाचा अनुभव नसतो, असें होल्ट यांचें मत होतें. तो अनुभव सुरक्षित रीतीनें आधींच देणें हाच त्या शाळेचा हेतु.

आणि आपल्या महाराष्ट्राचें उदाहरण तर याहून ताजें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांना निवडून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग व लेह-लडाख येथें टप्प्याटप्प्यानें शिकविण्यांत आलें. ज्या चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे तेथील मुलांनीं बर्फांतल्या थंडीशीं ओळख करून घेतली, आणि मे २०१८ मध्यें त्यांतील पांच जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचले. उष्ण प्रदेशांत वाढलेलें मूल थंडीला नालायक असतें हा समज त्यांनीं खोटा ठरविला. पण ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं त्यांना एकदम शिखराकडे कोणीं नेलें नाहीं. महिनोन् महिने शिक्षण झालें, प्रत्येक पायरीवर पारख झाली, आणि मगच पुढची पायरी आली.

तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. मुलाला पाठवावें, मात्र डोळे मिटून पाठवूं नये. पालकांनीं शाळेला चार गोष्टी विचाराव्या. शिबिराची जागा शिक्षकांनीं आधीं त्याच ऋतूंत रात्रीं राहून पाहिली आहे काय? किती मुलांमागें एक मोठा मनुष्य आहे, आणि त्यांत प्रथमोपचार जाणणारा कोण? सर्वांत जवळचा दवाखाना किती दूर, आणि रात्रीं तेथें नेण्यास वाहन तयार असेल काय? आणि बेत रद्द करावयाचा झाला तर तो निर्णय कोणाचा? या प्रश्नांचा राग येणारा शिक्षक क्वचितच भेटेल; खरा शिक्षक त्यांचीं उत्तरें खिशांतल्या टिपणवहींत लिहूनच बसलेला असतो. पालकांचीहि बाजू आहे. मुलाला दमा किंवा दुसरा कांहीं विकार असेल तर तो लपवूं नये, आणि पिशवींत मिठाईच्या पुड्यापेक्षां लोकरीच्या मोज्यांचा एक कोरडा जोड अधिक घालावा.

आरंभ मोठ्या डोंगरापासून करण्याचें कारण नाहीं. शाळेच्या अंगणांत एक रात्र, मग लळिंगच्या पायथ्याशीं एक रात्र, आणि मग तोरणमाळ, असा क्रम असावा. त्या पहिल्या रात्रीं मुलाला जाग येईल, पाय गार लागतील, आणि शेजारच्या मुलाला हलवून तो म्हणेल, "अरे, मला थंडी वाजते आहे." शेजारचा उठून आपल्या घोंगडीचा अर्धा भाग त्याच्यावर टाकील. एवढें घडलें तर त्या वर्षाचें शिबिर यशस्वी झालें असें खुशाल समजावें.